शेवटून पहिला नंबर

३ जानेवारी २०१९. सकाळी एनएचएलचं, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आईस हॉकी लीगचं, पॉइंट टेबल उघडलं तर एकूण ३१ टीम्स आणि ३१ व्या नंबरला आमची सेंट लुईस ब्लूज. ३७ मॅचेस झालेल्या, १५ जिंकल्या, १८ हरल्या, ४ ओव्हरटाईममध्ये घालवल्या, सगळे मिळून ३४ पॉइंट्स. जिंकलं की दोन पॉइंट, ओव्हरटाईममध्ये हरलं की एक आणि साठ मिनिटांतच हरलं की भोपळा, असा साधा हिशोब असतो. ८२ मॅचेसचा सीझन जवळजवळ निम्मा संपत आला होता. आणि ह्याच टीमने त्याच वर्षी १२ जूनला बॉस्टनमध्ये जाऊन लीगच्या विजेत्याचा स्टॅनली कप उचलला.

हे सगळीकडे चमत्कार म्हणून सांगितलं जातं. लास व्हेगासला कुणीतरी जानेवारीत २५० ला १ अशा भावाने ब्लूजवर ४०० डॉलर लावले आणि एक लाख मिळवले, ती बातमी तर भारतातल्या मित्रांनी सुद्धा मला फॉरवर्ड केली होती. मला मात्र चमत्कार हा शब्द ह्या सीझनला लावलेला अजिबात आवडत नाही. मी तो सीझन इथे, सेंट लुईसमध्ये राहून, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत बघितलाय, बरेचसे दिवस नुसतं हरताना बघितलंय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की डिसेंबरमध्ये सगळे ओरडत होते तेव्हा ही टीम मोडली नाही, विकली नाही, आहे त्या माणसांनाच घेऊन काम चालू ठेवलं, तिथे तो कप जिंकला गेला. जूनमध्ये फक्त हातात आला.

आधी थोडं मागचं सांगायला पाहिजे, कारण ह्या गावाचं आणि ह्या टीमचं नातं माहीत नसेल तर बाकीचं नुसतं स्कोअरकार्ड वाटेल. १९६७ मध्ये लीग सहा टीम्सवरून बारावर गेली, त्यातली एक ब्लूज. नव्या सहाही टीम्स एकाच गटात घातलेल्या, त्यामुळे फायनलला एक नवी टीम जाणार हे ठरलेलंच. ब्लूज पहिल्या तीनही वर्षी फायनलला गेले. १९६८ ला मॉन्ट्रिऑल, १९६९ ला परत मॉन्ट्रिऑल, १९७० ला बॉस्टन. तीनही वेळा ४-० ने हरले, म्हणजे फायनलच्या बारा मॅचेस आणि एकही जिंकली नाही. हॉकीतला सगळ्यात प्रसिद्ध फोटो कुठला विचाराल तर बॉबी ऑर हवेत आडवा झालाय, हात वर, तो. १० मे १९७०. तो गोल ब्लूजवर मारलेला आहे. अख्ख्या अमेरिकेत आणि कॅनडात तो फोटो भिंतींवर लागलेला असतो आणि इथल्या माणसाला तो दिसला की तोंड कडू होतं. त्यानंतर ४९ वर्षं फायनल नाही. प्लेऑफ्सला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, जायचे, १९८० पासून सलग २५ वर्षं जायचे, आणि दरवर्षी कुठेतरी मधेच बाहेर पडायचे. १९८३ ला तर टीम कॅनडात सॅस्काटूनला न्यायचं घाटत होतं, लीगने नाही म्हटलं म्हणून राहिली. मग २०१६ ला फुटबॉलवाले रॅम्स लॉस एंजेलिसला निघून गेले. बेसबॉलचे कार्डिनल्स आहेत, ते जिंकत असतात, त्यांचं कौतुक आहेच, पण ब्लूजवरचं प्रेम वेगळ्या जातीचं आहे, घरातलं जे पोर मागे पडतं त्याच्यावर आईचा जीव असतो ना, तसं.

माझ्या ऑफिसात एक साठीच्या आसपासचे गृहस्थ होते, टेस्टिंगचं काम बघायचे. १९७० ची ती मॅच त्यांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून टीव्हीवर बघितलेली. मला हॉकी त्यांनी शिकवली. पक बघू नकोस, पक नसलेली माणसं कुठे चाललीत ते बघ, हे त्यांचं पहिलं वाक्य. पक म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती. आणि खरंच, एकदा ते जमलं की हा खेळ दिसायला लागतो, तोपर्यंत नुसती बर्फावरची धावपळ.

तर २०१८ चा उन्हाळा. मॅनेजर डग आर्मस्ट्राँगने १ जुलैला बफलोकडून रायन ओ'रायली आणला, त्याच्या बदल्यात तीन खेळाडू आणि दोन ड्राफ्ट पिक्स, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, दिले. हा ओ'रायली आदल्या एप्रिलमध्ये पत्रकारांसमोर बोलून गेला होता की सारखं हरून हरून माझं खेळावरचं प्रेमच कमी झालंय. काही लोकांना ते रडगाणं वाटलं होतं. मला तेव्हाही तो माणूस आवडला होता, एवढं खरं कोण बोलतं. शिवाय डेव्हिड पेरॉन परत आला, टायलर बोझॅक आला, आणि पॅट मरून आला. मरून इथलाच, सेंट लुईसच्या दक्षिणेकडच्या ओकव्हिलचा. त्याचा मुलगा इथे राहायचा, मुलाजवळ राहता यावं म्हणून त्याने एका वर्षाचं, कमी पैशाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. सगळे म्हणत होते ह्या वर्षी टीम तगडी आहे.

आणि सुरुवातच बेकार. १९ नोव्हेंबरला घरच्या रिंकवर लॉस एंजेलिसकडून २-० हरले आणि त्याच रात्री कोच माईक यो ला काढलं. तोपर्यंत ७ जिंकल्या, ९ हरल्या, ३ ओव्हरटाईमला. असिस्टंट असलेल्या क्रेग बेरूबेला हंगामी कोच केलं. बेरूबे अल्बर्टातल्या कालाहू नावाच्या छोट्या गावचा, वंशाने क्री, म्हणजे तिथल्या मूळनिवासींपैकी, खेळायचा तेव्हा मारामारी करणाऱ्यांपैकी, करिअरमध्ये ३००० च्या वर पेनल्टी मिनिटं, म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसलेली. बोलतो अगदी मोजकं. तो आला म्हणून लगेच काही बदललं नाही हां, हे लोक विसरतात. डिसेंबर तसाच गेला. १० डिसेंबरला तर प्रॅक्टिसमध्ये रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड ह्या दोघांची चक्क गुद्दागुद्दी झाली, आपल्याच टीमचे दोघं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. रेडिओवर रोज हेच, तारासेन्कोला विका, कॅप्टन पिएट्रँजेलोला विका, सगळं मोडून नव्याने सुरू करा. ऑफिसमधले ते गृहस्थ सुद्धा जेवायच्या सुट्टीत गप्प असायचे. आर्मस्ट्राँगने विकलं नाही. मला वाटतं ह्या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात अवघड निर्णय तोच होता, आणि त्याच्यावर कुणी गाणं केलं नाही.

गाण्यावरून आठवलं, ग्लोरियाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर इथली माणसं मला सोडणार नाहीत. ६ जानेवारीला टीमचे काही जण फिलाडेल्फियात एका बारमध्ये फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. तिथे डीजे ब्रेकमध्ये गाणी लावायचा आणि एक जण सारखा ओरडायचा, ग्लोरिया लाव, ग्लोरिया लाव. लॉरा ब्रॅनिगनचं १९८२ चं गाणं. लागलं की अख्खा बार नाचायचा. पोरांनी ठरवलं, आपण जिंकलो की हेच. दुसऱ्या दिवशी ७ जानेवारीला फिलाडेल्फियाला ३-० हरवलं आणि गाणं सुरू झालं ते जूनपर्यंत. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, शाळेच्या पिकअप लाईनमध्ये, सगळीकडे. छान आहे गोष्ट, मलाही आवडते.

पण त्या ३-० मधली खरी गोष्ट गोलमध्ये उभी होती. जॉर्डन बिनिंग्टन. एनएचएलमधला पहिला स्टार्ट आणि शटआऊट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही. २०११ ला ८८ व्या नंबरवर निवडलेला, तेव्हापासून खालच्या लीग्समध्ये खेळतोय, वय २५. आदल्या वर्षी तर क्लबकडे स्वतःची पूर्ण अशी खालची टीमच नव्हती म्हणून त्याला प्रॉव्हिडन्सला उसना दिलेला, म्हणजे बॉस्टनच्या खालच्या टीमकडे! क्लबच्या यादीत तो चौथ्या नंबरचा गोली समजला जायचा. असा मुलगा आला आणि उरलेल्या सीझनमध्ये २४ मॅचेस जिंकला, ५ हरला, १ ओव्हरटाईमला. एकदा कुणीतरी विचारलं की नर्व्हस वाटतं का, तर म्हणाला, मी नर्व्हस दिसतोय का? ते वाक्य टीशर्टवर आलं. गोली चांगला मिळाल्यावर काय होतं, तर पुढचे पाच जण घाबरत खेळत नाहीत. एक चूक झाली तर गोल होणारच ही भीती गेली की डिफेन्समन सुद्धा पुढे सरकतो.

आणि बेरूबेचं हॉकी. त्यात नाजूक काही नाही. पक समोरच्याच्या कोपऱ्यात टाका, मागे धावा, बोर्डवर, म्हणजे कडेच्या भिंतीवर, दाबा, तिथून काढून घ्या, परत तेच. चारही लाईन्स, म्हणजे पुढे खेळणाऱ्या तिघा-तिघांच्या तुकड्या, वापरायच्या. हॉकीत एक माणूस बर्फावर एका वेळी साधारण ४५ सेकंदच असतो, मग बेंचवर, दुसरे तिघं उडी मारून आत. त्यामुळे चौथी लाईन नुसती वेळ काढायला आहे की समोरच्याला दमवायला आहे ह्यावर बरंच ठरतं. ब्लूजच्या चौथ्या लाईनमध्ये बार्बाशेव्ह, सुंडक्विस्ट आणि ॲलेक्स स्टीन होते. स्टीन २००८ पासून टीममध्ये, एकेकाळचा पहिल्या लाईनचा माणूस, मोठं कॉन्ट्रॅक्ट. त्याला चौथ्या लाईनवर टाकलं आणि त्याने ते असं स्वीकारलं की कुठे कुरकुरीचा एक शब्द ऐकू आला नाही, उलट प्लेऑफ्समध्ये समोरच्यांच्या सगळ्यात मोठ्या स्टार्सना अडवायला बेरूबे ह्यांनाच पाठवायचा. मी नोकरी करणारा माणूस आहे. इतक्या वर्षांनी खालच्या टेबलावर बसवल्यावर माणसं कशी वागतात ते मी बघितलंय. स्टीनबद्दल मला वाटणारा आदर त्या कपाच्याही वरचा आहे.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत सलग ११ मॅचेस जिंकल्या, क्लबचा रेकॉर्ड. ३ जानेवारीनंतरच्या ४५ मॅचेसमध्ये ३० जिंकल्या, १० हरल्या, ५ ओव्हरटाईमला. शेवटी ९९ पॉइंट्स, सेंट्रल डिव्हिजनमध्ये तिसरे.

प्लेऑफ्सला चार राऊंड, प्रत्येक राऊंड सातपैकी चार, म्हणजे कप पाहिजे तर १६ मॅचेस जिंकायच्या. विनिपेगला सहा मॅचेसमध्ये काढलं. जेडन श्वार्ट्झ, ज्याचे अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये फक्त ११ गोल, त्याने पाचव्या मॅचमध्ये १५ सेकंद राहिलेले असताना गोल मारला आणि सहाव्यात हॅट्रिक. प्लेऑफ्समध्ये त्याचे १२ झाले. पुढे डॅलस.

डॅलसची सातवी मॅच, ७ मे, घरच्या रिंकवर. मला विचाराल तर अख्ख्या प्लेऑफ्समधली ही मॅच सगळ्यात मोठी, फायनलपेक्षाही. डॅलसचा गोली बेन बिशप, तो पण सेंट लुईसमध्येच वाढलेला, लहानपणी ब्लूजचाच फॅन. त्या रात्री त्याने ५२ शॉट्स अडवले. १-१. ओव्हरटाईम झाला, काही नाही. दुसरा ओव्हरटाईम. रॉबर्ट थॉमस, १९ वर्षांचा पोरगा, उजवीकडून आत घुसला आणि मारलं, पक पोस्टला लागला, तिथून बिशपच्या मानेवर आदळला आणि त्याच्या मागे बर्फावर पडला. बिशपला कळलंच नाही पक कुठे आहे. मरून तिथेच उभा होता, गोलच्या तोंडाशी, त्याने स्टिकने आत ढकलला. बस. गावातला पोरगा, मुलासाठी घरी आलेला, आणि तो मुलगा वर स्टँडमध्ये बसून ढसाढसा रडतोय हे टीव्हीवर दिसत होतं. आमच्या घरात कुणी बोलण्याच्या परिस्थितीत नव्हतं. ऑफिसमधल्या त्या गृहस्थांचा रात्री मेसेज आला, त्यात शब्द नव्हते, नुसती उद्गारचिन्हं.

मग सॅन होजे. तिसऱ्या मॅचच्या ओव्हरटाईममध्ये टिमो मायरने पक हाताने पुढे ढकलला, हे नियमात बसत नाही, रेफरी चौघंही बर्फावर, कुणी शिट्टी वाजवली नाही, आणि एरिक कार्लसनने गोल मारला. मॅच संपली. सिरीज २-१ अशी मागे. असा राग मी ह्या गावात कधी बघितला नव्हता. टीमने मात्र तो विषय तिथेच सोडला, पुढच्या तीनही मॅचेस जिंकल्या, शेवटच्या दोन ५-० आणि ५-१. डिसेंबरमध्ये हीच टीम प्रॅक्टिसमध्ये एकमेकांना मारत होती हो. माणसं तीच होती. आणि न्यायाने बोलायचं तर फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये बोझॅकने बॉस्टनच्या अच्चारीला पाडलं होतं, तेव्हाही शिट्टी वाजली नाही आणि लगेच पेरॉनचा गोल झाला. ती मॅच २-१ ने आपण जिंकलो. बॉस्टनवाले अजून बोलतात, बोलू देत, त्यांचं बरोबर आहे.

फायनल बॉस्टनशीच, ४९ वर्षांनी. पहिली मॅच हरलो. दुसऱ्या मॅचमध्ये ओव्हरटाईमच्या आधी कार्ल गुनार्सन टॉयलेटमध्ये बेरूबेच्या शेजारी उभा राहून म्हणाला, मला आणखी एकच चान्स पाहिजे. त्याचा शॉट आधी पोस्टला लागून गेलेला होता. ओव्हरटाईममध्ये त्यानेच मारला. फायनलमधला क्लबचा पहिला विजय, १९६८ पासूनचा! मग एक हार, दोन विजय, ३-२ अशी आघाडी, आणि सहावी मॅच घरी. अख्खं गाव निळं. त्या दिवशी इथल्या पेपरच्या डिजिटल आवृत्तीत चुकून कप जिंकल्याबद्दलचं आभाराचं पत्र आधीच छापून आलं, आणि हरलो ५-१. नजर लागली म्हणतात ना, इथल्या गोऱ्या लोकांचा सुद्धा ह्यावर पक्का विश्वास आहे.

त्या वर्षी आई-बाबा सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेले. बाबांना सुरुवातीला हॉकी म्हणजे ध्यानचंद, ही बर्फावरची त्यांना पटत नव्हती. "अरे, हे सारखे आत-बाहेर काय करतात? एक माणूस नीट खेळू देत की," असं चालायचं. मी त्यांना ४५ सेकंदांचं गणित सांगितलं, मग ते घड्याळ लावून बघायला लागले, आणि फायनलपर्यंत तर कुणाची शिफ्ट लांबली की सोफ्यावरून ओरडायचे, "अरे बदल त्याला, दमलाय तो!" १२ जूनला आईने खरोखरच देव पाण्यात घालून ठेवले होते.

सातव्या मॅचचा पहिला पिरियड बघवत नव्हता. बॉस्टन नुसतं तुटून पडलेलं. त्यांचे १२ शॉट्स, आपले ४. बिनिंग्टनने बाराही अडवले. आणि त्या चारातले दोन गोल! एक ओ'रायलीने बाउमीस्टरचा शॉट वाटेतच वळवून मारला, दुसरा कॅप्टनने, पिरियड संपायला आठ सेकंद राहिलेले असताना. तिसऱ्या पिरियडमध्ये २-० असताना बॉस्टनचा नॉर्डस्ट्रॉम गोलसमोर एकटा होता, समोर जागा मोकळी, आणि बिनिंग्टनने पाय एवढा लांब टाकला की पॅडच्या टोकाला लागून पक गेला. तो गेला असता तर २-१ झालं असतं आणि बॉस्टनचं ते रिंक काय झालं असतं कुणास ठाऊक. मग शेनचा गोल, मग सॅनफर्डचा, तोच, डिसेंबरच्या गुद्दागुद्दीतला. ४-१. ओ'रायलीला प्लेऑफ्समधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी, आणि नंतर कळलं की तो फ्रॅक्चर झालेली बरगडी घेऊन खेळत होता. वर्षापूर्वी ज्याचं खेळावरचं प्रेम कमी झालं होतं तो हाच.

दुर्मिळ आजाराशी झगडणारी एक अकरा वर्षांची मुलगी त्या वर्षी टीमची लाडकी झाली होती, कोल्टन परायकोची तर खास मैत्रीण. डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून ती बॉस्टनला जाऊ शकली, आणि खेळाडूंनी तिला बर्फावर बोलावून कपाला हात लावू दिला. बाबा तेव्हा उठून आतल्या खोलीत गेले.

१५ जूनला मार्केट स्ट्रीटवर परेड. आम्ही सगळे गेलो, उन्हात. बॉब प्लेगर होते, १९६७ च्या पहिल्या टीममधले, वय ७६. हे गृहस्थ वर्षानुवर्षं सांगत आलेले की मार्केट स्ट्रीटवर परेड झालेली मला बघायचीय. त्यांच्या हातात कप होता. गर्दीत म्हातारी माणसं बॉबी, बॉबी ओरडत होती. २०२१ च्या मार्चमध्ये ते कार अपघातात गेले.

पुढे सगळे पांगलेच. बाउमीस्टर फेब्रुवारी २०२० मध्ये ॲनाहाइमच्या मॅचमध्ये बेंचवर कोसळला, हृदय बंद पडलं होतं, वाचला, पण परत खेळला नाही. मार्चमध्ये कोविडने सीझन थांबला तेव्हा ब्लूज लीगच्या पश्चिम गटात पहिले होते. पिएट्रँजेलो व्हेगासला गेला, मरून टँपाला जाऊन आणखी दोन कप जिंकला, ओ'रायलीला २०२३ मध्ये टोरंटोला दिलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेरूबेलाही काढलं. बिनिंग्टनवर मधली काही वर्षं इथल्याच लोकांनी खूप टीका केली, चिडतो, भांडतो, गोल खातो. मला ती नेहमी खटकली.

आणि मग २० फेब्रुवारी २०२५, चार देशांच्या स्पर्धेची फायनल, कॅनडा विरुद्ध अमेरिका, परत बॉस्टनच्याच रिंकमध्ये. कॅनडाच्या गोलमध्ये बिनिंग्टन, डिफेन्सला परायको. समोर अमेरिकेकडून ब्रेडी आणि मॅथ्यू कचुक, दोघंही सेंट लुईसमध्येच वाढलेले, वडील ब्लूजचे जुने खेळाडू. आमच्या घरात माझी मुलगी इथे जन्मलेली, ती अमेरिकेचा झेंडा घेऊन बसलेली. ओव्हरटाईममध्ये बिनिंग्टनने ब्रेडीला अडवलं, मग अमेरिकेच्याच ऑस्टन मॅथ्यूजला अडवलं, आणि मॅकडेव्हिडने गोल मारून कॅनडा ३-२ जिंकलं. मुलगी हिरमुसून झोपायला गेली. मी सांगलीला फोन लावला, तिकडे सकाळ होती, बाबांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "आपला गोली होता ना रे तो?"